एका मताची पेटी

मतदानयंत्रं यायच्या आधीची गोष्ट. विधानसभेच्या मतदानाला शिवणकामवाल्या काकू रांगेत उभ्या होत्या. मागे नवरोबा, पुढे दोन मास्तर गप्पा मारत.

"गेल्या खेपेला माझी ड्युटी मतदारसंघाच्या पार टोकाला लागली. डोंगरावर मतदार एकच, एक म्हातारी."

"एकीसाठी अख्खं केंद्र?"

"आम्ही पाच जण, पेटी, आडोशाचा पुठ्ठा. दीड दिवस चाललो. बाई सकाळी सातलाच मत देऊन गेल्या, तरी सहापर्यंत आम्ही जागचे हललो नाही. नियम म्हणजे नियम!"

"मोजायला तरी सोपं."

"तिथंच तर घोडं अडलं! एकच मत. मोजलं की म्हातारीनं कुणाला दिलं ते जगजाहीर."

"मग?"

"मोजणीच्या साहेबांनी ती मताची चिठ्ठी न उलगडताच खालच्या गावाच्या नऊशे चिठ्ठ्यांत मिसळली. मग मोजणी."

"बाप रे! एका म्हातारीच्या गुपितासाठी एवढं?"

"एवढं."

काकूंचा नंबर आला. नवरोबा कानाशी पुटपुटले, "सांगितलंय ते ध्यानात आहे ना?"

"ही पिशवी धरा जरा," काकू म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकट्या गेल्या.