मॅडम जेवतायत

(मकाऊ. जुन्या गावातल्या गल्लीतली एक लहानशी खाणावळ. दुपारची गिऱ्हाइकं गेली आहेत, शटर अर्ध्यावर ओढलंय. मालकीण हर्मीनिया गल्ल्याशी उभी राहून पेले पुसतेय. तिचा मुलगा आदेलिनो हॉटेलच्या गणवेशातच वाकून आत शिरलाय.)

आदेलिनो : एवढंच सांग. माझ्या हॉटेलच्या पाहुण्याला तू खरंच हाकललंस?

हर्मीनिया : हाकललं नाही. कोट हातात दिला.

आदेलिनो : कोट हातात दिला!

हर्मीनिया : आणि दार उघडून धरलं. तुमच्या हॉटेलात दार धरायला माणसं ठेवतात ना? तसंच.

आदेलिनो : अगं आई, माणूस कोण होता माहितीये? फोकसाहेब! फोशानचे टाइल्सवाले. ते आले की आमचे मॅनेजर स्वतः लिफ्टचं बटण दाबतात.

हर्मीनिया : दिसलंच ते. इथं चमचा खाली पडला तर बायकोकडे बघत बसला.

आदेलिनो : त्यांनी आमच्या मॅनेजरना, चॅनसाहेबांना फोन केला. चॅनसाहेबांनी भर लॉबीत मला विचारलं, कुठल्या खाणावळीत पाठवलंस रे त्यांना? मी काय सांगणार? माझ्या आईच्या?

हर्मीनिया : सांगायचं की. लाज वाटते?

आदेलिनो : लाज नाही, भीती वाटते! लोकांना कुठं जेवायचं ते सांगणं हे माझं काम आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच करतो मी. कुणाला खिडकीजवळचं टेबल द्यायचं, कुणाला फ्रेंच जेवणाला पाठवायचं नाही. कारण एका बशीनंतर दुसरी यायला वेळ लागतो आणि तो माणूस वेटरवर खेकसणार. जुगारात हरलेल्या माणसाला शांत जागी पाठवू नये, तो एकटाच विचार करत बसतो. जिंकलेल्याला सासूबरोबर पाठवू नये. हे सगळं माझ्या डोक्यात असतं. आणि एवढी वर्षं तुझं नाव मी कुणाला सांगितलं नाही त्यालाही कारण होतं.

हर्मीनिया : काय कारण?

आदेलिनो : ते आपणहून आलेलं सिंगापूरचं जोडपं आठवतंय? मेन्यू मागितला त्यांनी. तू म्हणालीस, मेन्यू काय करायचाय, तुम्हाला काय पाहिजे ते मला दिसतंय.

हर्मीनिया : परत आले की नाही ते? पोरांना घेऊन आले.

आदेलिनो : तो मुद्दाच नाहीये!

हर्मीनिया : ओरडू नकोस. पेले काचेचे आहेत.

आदेलिनो : बरं. नाही ओरडत. झालं काय, ते तरी सांग. पहिल्यापासून.

हर्मीनिया : पहिल्यापासून म्हणजे काय, दोघं आली, बसली. मी मिंची दिली. खिमा, वर अंडं, बटाटा चांगला खरपूस तळलेला. त्यानं काट्यानं असा ढकलून बघितला. म्हणाला, हे काय, दात नसलेल्यांचं जेवण?

आदेलिनो : म्हणू दे ना! म्हणतात लोक! आमच्याकडे तर सोन्याचा वर्ख लावलेलं मांस परत पाठवतात.

हर्मीनिया : मी काही बोलले? गप्प राहिले. सॅन्टियागोच्या, सॅन्टो अँटोनियोच्या, सगळ्या संतांच्या नावानं गप्प राहिले. तो फोनवर बोलत होता. ती जेवत होती. दोन घास. दोनच घास घेतले असतील, याचा फोन ठेवून झाला, म्हणाला, ऊठ. कसिनोत माझी जागा धरून ठेवलीय, ऊठ. ती म्हणाली, एवढं संपवते. तर यानं तिच्या हातातला चमचा काढून घेतला, आदे. काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

आदेलिनो : मग?

हर्मीनिया : मग मी म्हटलं, ताट संपलं की ती उठेल. तो म्हणाला, तू कोण? मी म्हटलं, जिचं ताट आहे ती. मग आवाज चढवला. मग मी कोट दिला.

आदेलिनो : ठीक आहे. ठीक आहे. झालं ते झालं. मी जाऊन पाया पडेन, त्यांना ते जपानी शेफच्या समोरचं टेबल मिळवून देईन, जे मिळतच नाही. पण खरी भानगड वेगळीच आहे. त्यांची बायको हॉटेलवर परत आलेली नाही.

हर्मीनिया : हं.

आदेलिनो : हॉटेलची माणसं शोधतायत. दुकानांमधून, हॉटेलसमोरच्या तळ्याकाठी, सगळीकडे. चॅनसाहेब म्हणाले, मॅडमना घेऊनच ये, नाहीतर येऊ नकोस. इथून निघताना त्या कुठल्या दिशेनं गेल्या? टॅक्सी केली का?

हर्मीनिया : टॅक्सी नाही केली.

आदेलिनो : मग चालत? या उन्हात?

हर्मीनिया : चालत पण नाही.

आदेलिनो : आई.

हर्मीनिया : आत आहे. बटाटे चिरतेय.

आदेलिनो : फोकसाहेबांची बायको... बटाटे चिरतेय?

हर्मीनिया : संध्याकाळच्या मिंचीला. बारीक चिरते. तुझ्यापेक्षा बरी.

आदेलिनो : अरे देवा! अगं, तू मला मघापासून बोलू दिलंस! तिकडे अख्खं हॉटेल उलटं-पालटं झालंय, आणि तू पाहुण्या बाईला बटाटे चिरायला बसवलंस?

हर्मीनिया : मी नाही बसवलं. तो तणतणत गेला, ही मागेच राहिली. तिनंच सुरी मागितली. रिकाम्या हातानं बसवेना तिला. सुक-यिन! ये गं बाहेर. घाबरू नकोस, माझाच मुलगा आहे. आरडाओरडा करतो, पण चावत नाही.

सुक-यिन : नमस्कार. तुम्ही... अहो, तुम्ही तर लॉबीतले.

आदेलिनो : नमस्कार मॅडम. तुम्ही सुखरूप आहात, बरं वाटलं. गाडी कोपऱ्यावर उभी आहे.

सुक-यिन : ही तुमची आई? काल बोलला नाहीत.

आदेलिनो : सांगायचं राहून गेलं.

सुक-यिन : मावशी, यांनी मला काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हणाले, एक जागा आहे, पण तिथं चांगले कपडे घालून जाऊ नका. काही मागू नका, ती बाई जे देईल ते घ्या. आणि भूक ठेवून जा.

हर्मीनिया : हा असं बोलला?

आदेलिनो : मॅडमनी विचारलं होतं. घरच्यासारखं कुठं मिळेल.

हर्मीनिया : आणि तुला मी आठवले.

आदेलिनो : आई, आत्ता नको. मॅडम, चला. फोकसाहेब वाट बघतायत.

हर्मीनिया : थांब. एवढ्या मोठ्या हॉटेलात राहून हिला घरचं जेवण का शोधावं लागलं? तुझी ती फ्रेंच, जपानी, ती सगळी दुकानं बंद होती?

आदेलिनो : बंद नव्हती.

हर्मीनिया : मग?

आदेलिनो : मीच जागा राखून देत होतो. रोज संध्याकाळी, दोघांचं टेबल. उत्तम टेबलं. आणि रोज वेटर येऊन मला सांगायचा, मॅडम सूपावरून उठून गेल्या.

सुक-यिन : सूप आलं की फोन येतो, मावशी. मग खाली कसिनोत जावं लागतं. ते पत्त्यांवर बाकारा खेळतात ना, तेव्हा मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभी असायला लागते. लग्न झालं त्या वर्षी एकदा अशी उभी होते आणि ते खूप जिंकले.

हर्मीनिया : आणि तेव्हापासून उभीच?

सुक-यिन : खुर्ची नाही चालत. मी बसले की नशीब बसतं, असं म्हणतात.

हर्मीनिया : आदेलिनो, तू हे रोज बघत होतास?

आदेलिनो : मी काय करणार होतो? जाऊन त्यांच्या मुस्काटात मारणार होतो? मी टेबलं राखून देतो, आई! माणसाला चांगलं टेबल द्यायचं, एवढंच माझ्या हातात असतं. त्या टेबलावर तो काय करतो ते नसतं. चार दिवस मी चांगल्यात चांगली टेबलं शोधत होतो, जणू काही खुर्ची वाईट आहे म्हणून बाई उठतायत!

हर्मीनिया : बस. घाम पूस.

सुक-यिन : माझ्यामुळे तुमची नोकरी जाईल का?

आदेलिनो : नाही हो मॅडम. तसं काही नाही.

हर्मीनिया : जाईल. खोटं कशाला बोलतोस? घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस, असं सांगितलंय याला.

आदेलिनो : आई, तुला कधी गप्प बसता येतं का?

सुक-यिन : मग मी येते. चला. सुरी धुऊन ठेवते फक्त.

हर्मीनिया : सुरी राहू दे. तुझं ताट झाकून ठेवलंय, गरम केलंय. मघाशी नुसतेच दोन घास झाले.

सुक-यिन : नको मावशी. यांच्यावर येईल. जाऊ दे. सवय आहे मला.

आदेलिनो : या, मॅडम.

सुक-यिन : फक्त एक सांगा. फोनवर ते काय म्हणाले?

आदेलिनो : काळजीत आहेत, मॅडम.

सुक-यिन : ते शब्द नाहीत त्यांचे. त्यांचे शब्द सांगा.

आदेलिनो : जाऊ द्या ना.

सुक-यिन : तुम्ही मला जेवणाच्या बाबतीत खरं सांगितलंत. हेही सांगा.

आदेलिनो : म्हणाले, तिला आणा. पत्ते लागत नाहीयेत.

सुक-यिन : बरी आहे का, कुठं आहे, असं काही?

आदेलिनो : नाही, मॅडम.

सुक-यिन : ...मावशी, ताट कुठं ठेवलंत?

हर्मीनिया : बस इथं. या खुर्चीवर. अशी टेकून बस. अंडं फोडून भातात कालव, त्याशिवाय मजा नाही.

आदेलिनो : आला फोन. चॅनसाहेब. आता काय सांगू मी? मॅडम, तुम्हीच सांगा, काय सांगू?

सुक-यिन : सांगा, जेवतेय.

आदेलिनो : एवढंच?

सुक-यिन : एवढंच.

आदेलिनो : हॅलो. हो सर, सापडल्या. बऱ्या आहेत. ...नाही सर, लगेच नाही. मॅडम जेवतायत. ...जेवतायत, सर. भात. ...नाही, अर्धवट नाही उठवणार. ताट समोर असताना पाहुण्याला हलवायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. ...फोकसाहेब पाहुणे आहेत हे मान्य, मग या कोण आहेत? खोली यांच्याही नावावर आहे. ...हो, मला कळतंय मी कुणाशी बोलतोय. ...ठीक आहे. सकाळी केबिनमध्ये येतो. ...ठेवतो, सर.

हर्मीनिया : तुलाही वाढू?

आदेलिनो : मला नकोय काही! माझी नोकरी गेली आणि तू मला वाढतेस! इतकी वर्षं मेहनत केली मी. तळ्यावरच्या हॉटेलातल्या प्रत्येक शेफच्या बायकोचा वाढदिवस मला पाठ आहे!

हर्मीनिया : त्याचा पगार वेगळा देतात का?

सुक-यिन : मावशी, याच्यात कोळंबीचं काहीतरी आहे.

हर्मीनिया : बालिशांव. जरासंच घालते. कळलं तुला?

सुक-यिन : माझ्या बहिणीकडे असंच काहीतरी घालतात. भाजीत. ती चुंगशानला असते. सीमा ओलांडली की तासाभराचं अंतर.

हर्मीनिया : भेटतेस तिला?

सुक-यिन : एवढ्या जवळ येतो आम्ही दरवेळी. पण ते म्हणतात, सीमेपलीकडे गेलीस की नशीब तिकडे राहतं.

आदेलिनो : मॅडम, रागावू नका, मी विचारतोच. तुमचा सीमा ओलांडायचा परवाना कुणाजवळ असतो? फोकसाहेबांजवळ?

सुक-यिन : माझ्या पर्समध्ये. हॉटेलात शिरताना दाखवावा लागतो म्हणून.

आदेलिनो : आणि सामान?

सुक-यिन : खोलीत आहे. कपडे, दागिने. उभं राहायचे बूट.

हर्मीनिया : ते बूट राहू दे तिथंच.

आदेलिनो : पुन्हा फोन. माझं काही खरं नाही आज. ...हॅलो, सर. ...काय? ...सर, पुन्हा सांगा. ...बरं. ...बरं. हो, कळवतो त्यांना.

हर्मीनिया : आता काय? पोलीस?

आदेलिनो : नाही. आणू नका म्हणून निरोप आलाय.

सुक-यिन : कुणाचा?

आदेलिनो : फोकसाहेबांचा. मॅडम, कसं सांगू... त्यांचे पत्ते लागायला लागलेत. तुम्ही आला नाहीत तेव्हापासून. जोरात लागतायत म्हणे. म्हणाले, ती लांब आहे तेच बरं. आज जवळ येऊ देऊ नका.

हर्मीनिया : मेला! अरे, हा माणूस आहे की...

आदेलिनो : आई, ऐक. माझ्याविरुद्धची तक्रारही मागे घेतली. चॅनसाहेब हसत होते फोनवर. म्हणाले, तुझं नशीब चांगलं आहे. मला इतका राग कधी आला नव्हता.

हर्मीनिया : सुक-यिन? पोरी, हसतेयस की रडतेयस?

सुक-यिन : मला कळत नाहीये, मावशी. एवढी वर्षं पायांना गोळे येईपर्यंत उभी राहिले मी.

हर्मीनिया : पाणी पी.

सुक-यिन : आणि कुणालाच नको होतं ते. त्यांच्या पत्त्यांनासुद्धा.

आदेलिनो : मॅडम, मी तुम्हाला हॉटेलवर सोडू? तुम्ही म्हणाल तिथं सोडतो.

सुक-यिन : सीमेकडे जायला बस कुठून मिळते?

आदेलिनो : बस कशाला? गाडी आहे ना कोपऱ्यावर. हॉटेलचीच. तुम्हाला आणायला पाठवलेली, तुम्हाला न्यायला वापरू. सामान मी उद्या पाठवायची व्यवस्था करतो. पण तुम्ही स्वतः फोन करून तसं सांगायला हवं, माझ्या सांगण्यावरून नाही देणार.

सुक-यिन : सांगते. उद्या. आधी बहिणीला सांगते. ती नुसती ओरडेल.

हर्मीनिया : ओरडू दे. बहिणी ओरडायलाच असतात. हात धू, मी डबा भरते. मिंची आहे, थोडा कॉड मासाही आहे. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये.

सुक-यिन : नको, मावशी, इतकं सगळं...

हर्मीनिया : माझ्या दुकानात काय द्यायचं ते मी ठरवते. विचार हवं तर याला. बहिणीच्या घरी माणसं किती?

सुक-यिन : तिघं. ...नाही. चार.