कडब्याच्या पाच पेंढ्या

सांगा मायबाप, आपला दोष दुसऱ्यानं आपणहून अंगावर ओढून घेतला, तर त्याला काय म्हणायचं? नशीब? थांबा, आधी ऐका!

दुष्काळाचं साल. माळावर दोनच घरं. एकात शालिनी — कॉलेज शिकलेली, कडेवर वर्षाचं लेकरू. दुसऱ्यात तिचे चुलतसासरे, दगडूनाना. नानांना विडीचा भारी नाद! शालिनी रोज बजावायची, "नाना, गंजीपाशी विडी नको. कडबा नुसता कडकडीत वाळलाय!" नाना हसायचे, "सूनबाई, तुला आगीच्या बंबावर नोकरी लावाय पायजे व्हती!"

आणि त्या दुपारी? टँकर आलेला नाही. चुलीतली धगधगती राख विझवायला तांब्याभर पाणी हवं. शालिनीनं लेकराच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं — आणि राख तशीच बांधावर टाकली. वारा सुटला. बघता बघता तिच्या कडब्याची गंजी पेटली!

गावातली माणसं धावली, माती टाकली. आग विझली, कडबा गेला. कुणीतरी ओरडलं, "ही नानाचीच विडी!"

नाना त्या काळ्या ढिगाकडं बघत राहिले. "असंल बाबा... माझीच असंल."

शालिनीनं तोंड उघडलं — आणि मिटलं! सगळ्यांना शहाणपण शिकवणारी सून. लोक काय म्हणतील?

दुसऱ्या सकाळी नाना दारात! डोक्यावर कडब्याच्या पाच पेंढ्या. "तुझ्या गाईला, पोरी." तिनं उतरवून घेतल्या. हो मंडळी, घेतल्या! रोज घेतल्या. पाचव्या दिवशी नानांच्या गोठ्याकडं नजर गेली. त्यांचा बैल रिकाम्या गव्हाणीचं लाकूड चाटत होता.

"नाना, विडी नव्हती ती! माझी राख होती. मी विझवलीच नाही."

नानांनी डोक्यावरच्या पेंढ्या खाली ठेवल्या. आता शिवी देतील — अहो, शिवी परवडली असती!

"म्हंजी त्या दुपारी मी विडी पायाखाली चिरडली व्हती, ते खरंच? मला आठवत व्हतं गं. पर समदी म्हणत्यात, तवा वाटलं, माझंच डोस्कं गेलं. पाच दिस... सोताच्या आठवणीला भ्यालो मी."

शालिनीला वर बघवेना. उरलेल्या पेंढ्या तिनं त्या बैलापुढं टाकल्या, आणि टँकरच्या रांगेत जाऊन चारचौघांत सगळं सांगितलं. रडत नव्हे — नीट, स्वतःचं नाव घेऊन.

पण मायबाप, ते पाच दिवस कुठून आणायचे? माझ्याकडं काय बघताय? आठवा — तुम्ही गप्प बसलात म्हणून आज कोण स्वतःला खोटं समजत बसलंय? त्याचं घर इथून किती लांब आहे?

त्याच्याकडं जायला कीर्तनातून आरतीआधी उठलात तरी चालेल. देव थांबेल!