घाईत भरलेला चार्जर

रिना: लाइट लागते ना जी. पांढरा लाइट बरोबर लागते. लॅपटॉपचे टक्केच वाढत नाईत. मघापासून तेच तं सांगून राह्यली.

संघपाल: बोर्ड बदलून पाह्यला का?

रिना: सैपाकघरातला पाह्यला, छपरीतला पाह्यला, भावाच्या खोलीतला पाह्यला. सारे सारखेच.

संघपाल: पिन फुकून लाव. आत धूळ बसते.

रिना: फुकली.

संघपाल: जराशी तिरपी करून पाय बरं. कवाकवा लूज राह्यते.

रिना: अजी, पिन तिरपी करायले मी तुमच्याच घरी शिकली. करून झाली.

बायनाबाई: कोन हाय वो फोनवर?

रिना: कोनी नाई, माय.

संघपाल: कोनी नाई? स्पीकरवर हाय का मी?

रिना: हात रिकामे नाईत माहे. एका हातात लॅपटॉप, एका हातात चार्जर. फोन खाटेवर ठेवला.

बायनाबाई: जवाई हायेत वाटते. जवाईबापू, जेवले का?

संघपाल: जेवलो, मामी.

बायनाबाई: काय जेवले? एकल्या मानसाचं काय जेवन ते. मॅगी खाल्ली असन.

रिना: माय, तू तांदूळ निवड ना.

बायनाबाई: निवडूनच राह्यली. कान काई तांदुळात नाईत माहे.

संघपाल: एवढी काय घाई हाय लॅपटॉपची? दोन दिवस मोबाइलवर चालव.

रिना: ट्रेनिंगचे धडे हायेत, ते मोबाइलवर उघडत नाईत. ते पुरे केल्याबिगर रुजू करून घेत नाईत. सोमवारी अहेरीले हजर व्हायचं हाय.

संघपाल: अहेरीले?

रिना: हो.

संघपाल: नोकरीची ऑर्डर आली तुही?

रिना: परवा आली.

संघपाल: सांगतलं नाईस.

रिना: आता सांगून राह्यली ना.

संघपाल: लय दूर हाय वो अहेरी. मायच्या घरून, कुरखेड्याहून, मी एखांद्या दिवशी तुले घ्यायले आलो असतो. अहेरीले कसा येऊ?

रिना: तिथी खोली भेटते राहाले. तुमी चार्जरचं सांगा.

संघपाल: बरं. बंद असला तं भरते का?

रिना: रातभर बंद ठेवला तं सकाळी पुरा भरून राह्यते. चालू केला का उतरते. घंटाभरात अर्धा होते. आन वरतून लिहून येते, चार्जर कमजोर हाय मनून.

संघपाल: अवो, मंग हे पहिले काऊन नाई सांगतलं?

रिना: तुमी पिन फुकायले लावून राह्यले होते.

संघपाल: चार्जर उलटा कर. मांगं बारीक अक्षरात लिहिलं असते. वॅटच्या पहिले किती आकडा हाय, वाच.

रिना: थांबा, दिसत नाई... पंचेचाळीस.

संघपाल: पंचेचाळीस? बरोबर पाय.

रिना: पंचेचाळीसच हाय. काऊन?

संघपाल: तो माहा हाय. तुहा लॅपटॉप मोठा, त्याले पासष्टचा लागते. दोघांची पिन सारखी हाय, मनून लागते, पन पुरत नाई. तुहा इथीच राह्यला. माहा आजकाल लय लवकर भरून राह्यला होता, मले मनात बी नाई आलं.

रिना: मी मायकडं निघाली तवा बॅग कोनं भरली होती?

संघपाल: म्या.

रिना: मी म्हटलं होतं का, भरा मनून?

संघपाल: तू रडून राह्यली होती. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवून राह्यला होता. मले वाटलं...

रिना: लवकर आटपावं.

संघपाल: हो.

रिना: तुमाले सारंच लवकर आटपायची सवय हाय.

संघपाल: हे चार्जरचं बोलून राह्यली का तू?

रिना: नाई.

बायनाबाई: जाऊ दे ना बाई. जवाईनं फोन उचलला, चांगलं सांगून राह्यले...

रिना: माय, तू बोलू नको. मी दवाखान्यातून घरी आली तं पाळना नाई. छताचे कडे बी काढून टाकले होते. झबले नाईत, दुपटे नाईत, म्या विनलेली टोपी नाई. माहं पोट तेवढं राह्यलं होतं, ते बी रिकामं.

संघपाल: दिसलं तं तुले तरास होईल, मनून काढलं.

रिना: नाई दिसलं तं तरास नाई झाला का?

संघपाल: मले तवा तेच बरोबर वाटलं.

रिना: त्यातलं पिवळं झबलं शेजारच्या नूतनच्या लेकराच्या अंगात पाह्यलं म्या. बाजारात. नूतन बिचारी म्हने, घे ना ताई, कडेवर घे. तिले वाटलं, लेकराले पाहून रडून राह्यली. मी झबल्याले पाहून रडून राह्यली होती. त्याच दिवशी ठरवलं, मायकडं जायचं.

संघपाल: मले हे सांगतलं काऊन नाई?

रिना: तुमी विचारलं कुठी? तुमी म्हनत होते, जेवून घे. गोळी घे. फिरून ये. झोप आता. एक झालं का दुसरं. आता जसं सांगून राह्यले ना, बोर्ड बदल, पिन फुक, अगदी तसं.

संघपाल: मले दुसरं काई येत नाई, रिना.

रिना: मालूम हाय.

संघपाल: चार्जर आपल्या गावच्या देवरावभाऊच्या हाती पाठवतो. ते उद्या गाडी घेऊन वडश्याले येतेत. तुह्या भावाले तिथी उभा राहाले सांग. नाई तं मीच आनून देऊ का?

रिना: नको.

संघपाल: बरं.

रिना: कपड्याचं मी विसरून बी जाईन एखांद्या दिवशी. पन तुमी मले तिचं तोंड नाई पाहू देलं. आठ महिने पोटात वागवली म्या तिले. शुद्धीवर आली तं तुमी आन तुमचे बाबा माती देऊन, पाय धुऊन परत आले होते. तुमच्या पॅन्टीले चिखल होता. तेवढाच पाह्यला म्या.

संघपाल: हो.

रिना: मी उठेपर्यंत थांबले असते.

संघपाल: हो.

रिना: हो काय? काऊन नाई थांबले?

संघपाल: चुकलं माहं.

रिना: दर खेपेले हेच. चुकलं माहं. काऊन चुकलं, ते कवा सांगत नाई तुमी.

बायनाबाई: म्या म्हटलं होतं.

रिना: काय म्हटलं होतं?

संघपाल: मामी, राहू द्या.

बायनाबाई: आता काय राहू देऊ, जवाईबापू? पोरगी अहेरीले चालली. म्याच म्हटलं होतं, हिले दाखवू नका मनून. मायनं असं तोंड पाह्यलं तं मन तिथीच अडकून राह्यते, मंग घरात लागत नाई, असं आमच्या बुढ्या म्हनत. माह्या पहिल्या लेकराचं मले बी नाई दाखवलं.

रिना: तुहं पहिलं? दादाच्या पहिले?

बायनाबाई: होतं एक. पोरगा होता म्हनत. मले वाटलं, म्या नाई पाह्यलं मनून तं मी जगली. आता वाटते, तसं बी नसन. जवाई तं लेकराले घेऊन दवाखान्याच्या दारात उभे होते. म्हने, मामी, रिनाले उठू द्या. मी हात जोडले त्याईले. न्या म्हटलं.

(संघपालच्या घराबाहेर सिंदेवाहीच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जातो, फोनवर त्याचा आवाज येतो आणि विरून जातो.)

रिना: ऐकून राह्यले का?

संघपाल: ऐकून राह्यलो.

रिना: सहा महिने झाले. माहं सारं बोलनं ऐकून घेतलं. एका शब्दानं नाई सांगतलं तुमी.

संघपाल: तुले जायले मायचंच घर होतं ना. तिचा बी राग आला असता, तं तू गेली असती कुठी?

बायनाबाई: मी भाताचं पाहते वो. तुमी बोला.

रिना: माय... गेली. रडून राह्यली ती.

संघपाल: तिले काई म्हनू नको.

रिना: नाई म्हनत. दारात उभे होते तवा तिच्या तोंडावर कपडा होता का?

संघपाल: नाई. म्या बाजूले केला होता.

रिना: मंग तुमी पाह्यलं.

संघपाल: पाह्यलं.

रिना: मंग सांगा ना.

संघपाल: काय सांगू?

रिना: मले काय मालूम काय सांगायचं? म्या तं काईच नाई पाह्यलं. जे दिसलं ते सांगा.

संघपाल: केस लय होते. वल्ले होते, कपाळावर येत होते. म्या बाजूले सारले. नाक तुहं होतं. हनुवटीले खळी होती, तशी आपल्यात कोनालेच नाई. एका कानाची पाळी दुमडली होती.

रिना: कोनत्या?

संघपाल: उजव्या. मले वाटलं, सरळ करावी. केली. पुन्हा दुमडली. पुन्हा केली. बाबा म्हनाले, राहू दे आता.

रिना: डोळे?

संघपाल: मिटलेले होते. झोपल्यावानीच.

रिना: थंडी होती ना तवा.

संघपाल: बाबानं दुपटं आनलं होतं. त्यावरून माहं स्वेटर गुंडाळलं.

रिना: निळं?

संघपाल: हो.

रिना: ते मी शोधत होती. मले वाटलं, दवाखान्यात हरवलं.

संघपाल: नाई हरवलं.

रिना: कुठी हाय ती?

संघपाल: आपल्या वावरातल्या तळ्यावर, बोडीच्या पारीवर. बांधावर, पान्याच्या वरतं, मोहाचं झाड हाय ना, त्याच्या बुडाशी. एक दगड ठेवला हाय. रानडुकरानं उकरू नये मनून बाजूनं काटे लावले.

रिना: तुमी जाता तिथी?

संघपाल: ऑफिसातून येताना जातो. आता पारीवर चिखल हाय, मंग रस्त्यावरच गाडी उभी करतो. तिथून दिसते झाड.

रिना: आन घरी येऊन मले म्हनत होते, गोळी घेतली का.

संघपाल: दारात येईपर्यंत बोलाचं ठरवलेलं राहे. तू दिसली का काईच बोलता नाई ये. मंग गोळीचं विचारो.

रिना: देवरावभाऊच्या हाती काई पाठवू नका, धडे रातभर भरून भरून करीन मी. रविवारी मी येते.

संघपाल: ये ना. मी घर झाडून...

रिना: घरी नाई. बोडीवर. आन सोमवारी अहेरीले जायचं तं जायचंच हाय, ते आताच सांगून ठेवते.

संघपाल: बरं. ब्रम्हपुरीपर्यंत घ्यायले येऊ का? चिखलातून चालत नाई येता येनार तुले.

रिना: या.

संघपाल: तिथी काई दिसनार नाई पन. नुसता दगड हाय. बाबा म्हनाले होते, नाव लिहून आनू एका पाटीवर. पन नाव तं आपन ठेवलंच नव्हतं.

रिना: ठेवलं होतं.

संघपाल: कोनं?

रिना: म्या. सातवा लागला तवा. पोटात लात मारली का मी त्याच नावानं बोलावत होती तिले. कोनालेच सांगतलं नाई, मायले बी नाई. तुमाले तं मी ती हातात आली का सांगनार होती.

संघपाल: काय नाव?

रिना: आता नाई. तिथी सांगीन. पहिले तिले, मंग तुमाले.