पोटातला श्वास

बायांनो, श्वास घ्यायलाही शिकावं लागतं, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. महादेवाचे सोमवारचे उपास चालूच होते, तरी कूस उजवत नव्हती. वटार गावचे वैद्यबुवा म्हणाले, "आधी श्वास नीट घे, पोरी. छाती नको, पोट फुगव."

लुगडं सैल करून देवासमोर तेच करत होते, तोच सासूबाई वाडीतून आल्या. माझं पोट पाहिलं, हात लावला आणि तोंडात गूळच कोंबला. "महादेव पावला गं! किती लपवलंस?"

गूळ गिळून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मी श्वास शिकतेय. वैद्यबुवांनी पोट फुगवायला सांगितलंय."

त्यांनी हात काढला. "मग त्यांनाच विचार, नऊ महिने असं फुगवून धरता येईल का?"

मी श्वास सोडला. पोट सपाट झालं.