जॉबरच्या मानाची फोड

"मटण काय, शिजतंच की," असं माझ्यापुढं बोलायचं न्हाई बाई! बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या साली सोलापुरात गिरणीच्या दाराशी आमची खानावळ होती. मटण तोडायचं काम माझ्या दिराचं, दत्तूचं. एक दिवस विणकाम खात्याचा जॉबर जेवायला येणार होता. खात्यात माणसं लावणारा-काढणारा तोच. म्हणून दत्तूनं त्याच्या फोडी मुठीएवढ्या ठेवल्या, बाकीच्या नेहमीसारख्या बारक्या, आणि सगळं एकाच पातेल्यात टाकलं.

मी म्हटलं, "अरं, ह्या शिजायच्या न्हाईत."

"वैनी, मोठ्या माणसाला बारकी फोड वाढू का?"

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. पंगत बसली. बारक्या फोडी पार रश्श्यात विरघळलेल्या. जॉबरनं मोठी फोड तोडली, तर आतून लालभडक! त्याचा हात थांबला, तसे सगळ्यांचेच थांबले. हा उठला तर अख्खं खातं उठणार. उद्या चूल कुणासाठी पेटवायची?

"कुणी तोडलंय हे?"

दत्तू पुढं झाला. "मीच, साहेब. तुमच्या मानाची फोड."

जॉबरनं ताटातली दुसरी तसलीच फोड त्याच्या हातावर ठेवली. "बस हितं. माझ्यासमोर खा."

दत्तू चावतोय, चावतोय, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळवेना. कुणी हसलं न्हाई. परतीचा भोंगा झाला तसा जॉबर उठला. खिशातली काड्यापेटी काढून त्यानं दत्तूपुढं ठेवली.

"उद्यापासून माझा मान एवढा. आणि ह्या सगळ्यांचाबी एवढाच."