तीन नंबरचा फीडर

वीज कार्यालयाच्या रांगेत एका बाईंच्या पुढे एक शिंपी आणि सबस्टेशनचे निवृत्त ऑपरेटर गप्पा मारत उभे होते. बाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या, कान मात्र पुढेच होते.

“काका, तेव्हा रोज सातला आमचीच लाईट का जायची हो?”

“संध्याकाळी लोड चढायचा. एक तरी फीडर, म्हणजे एका भागाची लाईन, बंद करावीच लागायची.”

“पण नेमका तीन नंबरच? ऐन घाईत माझं मशीन थंड!”

“माझंही घर तीन नंबरवरच होतं.”

“म्हणजे आपल्याच हाताने घरी अंधार?”

“बायको सकाळपाळीला, मी दुपारपाळीला. भेट कुठली? लाईट गेली की तिचा फोन यायचा, ‘अहो, गेली हो!’ तेवढंच बोलणं.”

“वा! तुमच्या गुलुगुलूपायी आम्ही अंधारात!”

“अर्धाच तास रे. पुढे साहेबांनी पकडलं. रोज वेगळा फीडर, अशी पाळीच लावून दिली.”

“मग फोन बंद?”

“छे! सातच्या ठोक्याला यायचाच. ‘अहो, गेली हो!’ आणि इकडे माझ्यासमोर तीन नंबरच्या मीटरचा काटा चांगला दोनशेवर, लाईन चालूच!”

“मग तुम्ही काय म्हणायचात?”

“म्हणायचो, येईल गं अर्ध्या तासात. तोवर मेणबत्ती लाव.”