अप्पांची कांद्याची गोणी

माझे अप्पा देवळ्याचे शेतकरी, पण आमच्या मेडिकल कॉलेजात एकदा शिकवून गेलेत बरं का!

नसबंदीचं अख्खं लेक्चर झालं, तरी माझ्या वर्गातल्या रोहनचं आपलं एकच, "काही म्हणा, नंतर पुरुषाला जड काम जमत नाही." आणि बाकीचे भावी डॉक्टर माना डोलावतायत!

त्याच रविवारी अप्पा आमच्या होस्टेलच्या मेससाठी दोन गोण्या कांदा घेऊन आले. रोहन आणि त्याचा मित्र एक उचलायला गेले, तर ती गुडघ्याच्या वर येईना. अप्पांनी ती एकट्यानं पाठीवर घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन टेकवली.

रोहननं विचारलं, "काका, खाता काय हो तुम्ही?"

मी मान ताठ करून सांगितलं, "नसबंदीनंतर जड काम जमत नाही म्हणतोस ना? माझ्या धाकट्या भावानंतर अप्पांनी ती करून घेतलीय."

अप्पा घाम पुसत रोहनला म्हणाले, "दुसरी गोणी खालीच हाय. तुमचं तर ऑपरेशन झालेलं नाय ना? मग आणा की वर!"